पुस्तकाशेजारची लोकर



ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्या सकाळी गणित शिकवायच्या आणि दुपारी शिवणाचा तास घ्यायच्या. दोन्ही तासांना आवाज तोच, शिस्त तीच, आणि चुकलं की मुकाट्यानं उसवून पुन्हा करायला लावण्याची रीतही तीच. त्यामुळे आजचा विषय मला शोधावा लागला नाही. शिकण्याच्या वयात अभ्यासाशेजारी विणकामाला, जुन्या वस्तूंनी घर सजवण्याला आणि चित्रं पाहण्याला जागा असावी का? असावी तर ती कशी राखायची? मी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. हा प्रश्न पालकांनी मला शेकडो वेळा विचारला आहे, आणि विचारताना बहुतेकांनी उत्तरही सोबत आणलेलं असे: "आधी अभ्यास, मग बाकीचं."

पण हे बाकीचं सुरू व्हायचं कधी? दहावी झाली की बारावी. बारावीबरोबर सीईटी, नाहीतर नीट. मग पदवी. मग एमपीएससी, नाहीतर नोकरी. मग घराचे हप्ते, मुलांच्या शाळा. ज्यानं वयाच्या पंधराव्या वर्षी चित्र पाहायचं पुढे ढकललं, त्याला पंचेचाळिसाव्या वर्षी चित्रासमोर उभं केलं तर तो काय करतो? खालची पाटी वाचतो आणि पुढे सरकतो. त्याचे डोळे चांगले आहेत, बुद्धीही चांगली आहे. फक्त थांबून पाहण्याची सवय त्याला कुणी लागू दिली नाही.

समतोल म्हटलं की आपल्याला वेळापत्रक आठवतं. अमुक तास अभ्यासाचे, तमुक तास छंदाचे. माझं आज एवढंच सांगणं आहे की हा हिशेब नुसता घड्याळावर मांडून चालत नाही. अभ्यासाला जे लक्ष लागतं, तेच लक्ष विणताना लागतं, जुनी समई घासताना लागतं, चित्र पाहताना लागतं. ज्या कामात लक्ष तयार होतं, ते काम अभ्यासाच्या आड येत नाही. ज्या कामात लक्ष नुसतं विखुरतं, ते मात्र येतं, मग त्याचं नाव छंद असो की आणखी काही. आता एकेक घेऊ.

पहिलं विणकाम. दोन सुया आणि लोकरीचा एक गुंडा. सगळी गंमत अशी की या कामात टाके मुळात दोनच, सुलट आणि उलट. आणि तेही खरं पाहता एकच, कारण सुलट टाक्याची पाठ पाहिली की तो उलट दिसतो. एका अखंड धाग्यातून, गाठ न मारता, नुसत्या फासांत फास अडकवून कापड तयार होतं. दोन चिन्हांच्या उलटसुलट मांडणीतून चौकडी, आणि टाक्यांची जागा बदलली, ते कमीजास्त केले की दोरखंडासारखे पीळ, जाळी, पानं. गणिताचं वेड असलेल्या मुलाला हे एकदा दाखवून पाहा, तो सुया खाली ठेवणार नाही.

तुमच्यापैकी किती जणांनी स्वेटर विणायच्या आधी नमुन्याचा चौकोन विणला आहे? फार थोड्यांनी. कंटाळवाणं काम वाटतं. पण तो चौकोन म्हणजे प्रयोगशाळा आहे. समजा, तुमच्या हातानं, त्याच लोकरीनं, त्याच सुयांनी १० सेंटिमीटरला २२ टाके आले. छातीचा घेर ९० सेंटिमीटर हवा. म्हणजे १९८ टाके. शेजारच्या मावशींचा हात घट्ट असेल तर त्याच लोकरीचे त्यांचे २५ टाके येतील आणि त्यांचा हिशेब वेगळा होईल. पुस्तकातला आकडा डोळे मिटून घेतला तर स्वेटर दोन मापं लहान नाहीतर मोठा होतो. आधी मोजा, मग हिशेब करा, मग काम सुरू करा. मी प्रयोगशाळेत पंचवीस-पंचवीस मुलांना हेच सांगत आले, आणि ज्यांना विणता येत होतं त्यांना ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

आणि चूक? चूक सुधारण्याचं शिक्षण विणकामाइतकं चांगलं कुठेच मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे. एखादा टाका सुईवरून निसटतो. लगेच कळत नाही. दहा ओळी विणून होतात आणि मग लक्षात येतं की तिथे शिडी पडली आहे, आडवे धागे नुसतेच लोंबतायत. नवशिका घाबरतो, सगळं उसवायला निघतो. तसं करायची गरज नसते. क्रोशाची सुई घ्या. सर्वांत खाली निसटलेला फास पकडा. त्याच्या वरचा आडवा धागा त्यातून ओढून घ्या. नवा फास तयार झाला. त्याच्यातून वरचा धागा. पुन्हा वरचा. असं एकेक पायरी चढत वर आलात की टाका जागेवर. एक फास जरी घाईनं चुकीचा उचललात तरी पुढचं सगळं वाकडं. ज्या मुलानं ही शिडी एकदा स्वतःच्या हातानं बांधली आहे, तो लांबलचक गणितात उत्तर चुकलं म्हणून पान फाडून टाकत नाही. तो मागे जातो, फास कुठे निसटला ते शोधतो, आणि तिथून वर येतो.

इथे मला एका गणिती बाईंची गोष्ट सांगायची आहे. डायना तायमिन्या, मूळच्या लाटव्हियाच्या, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या. एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की आणि बोल्याय यांनी एक वेगळीच भूमिती मांडली. तिच्यात एका रेषेला बाहेरच्या एका बिंदूतून अनेक समांतर रेषा जातात. कागदावर समीकरणं लिहिता येत होती, पण त्या भूमितीचा पृष्ठभाग हातात घेऊन दाखवायचा कसा? कागदाच्या पट्ट्या चिकटवून प्रतिकृती करत, त्या फाटत. १९९७ साली तायमिन्याबाईंनी लोकर घेतली. आधी दोन सुयांवर प्रयत्न केला, पण टाके इतके वाढत जातात की सुईवर मावेनात. मग क्रोशाची एकच सुई. नियम अगदी साधा: ठरावीक टाक्यांनंतर दर वेळी एक टाका वाढवायचा, आणि हे प्रमाण शेवटपर्यंत बदलायचं नाही. कापडाला चुण्या पडत गेल्या, ते झालरीसारखं उमलत गेलं, आणि गणितज्ञांना तो पृष्ठभाग पहिल्यांदाच न फाटता हातात धरता आला, घडी घालून त्याच्यावर रेषा काढता आल्या. आपल्याकडे बाळाच्या टोपीला झालर लावणाऱ्या कितीतरी आज्या हे करत आल्या आहेत. त्यांच्या हातात काय होतं ते त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि गणिताच्या वर्गालाही ते कुणी दाखवलं नाही. याची मला खरोखर हळहळ वाटते.

विणकामाचा आणखी एक गुण विद्यार्थ्यांच्या फार उपयोगाचा आहे. साधी वीण एकदा हातात बसली की डोळे मोकळे होतात, कान मोकळे होतात. सनावळ्या मनात घोळवायच्या आहेत, सकाळी वाचलेला धडा आठवून पाहायचा आहे, रेडिओवरचं व्याख्यान ऐकायचं आहे, तर हातात साधी पट्टी असू द्या. पण जाळीची नक्षी घेऊ नका. नक्षी मोजायची आणि धडाही आठवायचा, असं केलंत तर दोन्ही बिघडतील. कुठलं विणकाम कुठल्या वेळेला, हे ज्याला कळलं त्याला निम्मा समतोल साधला.

थोडं विषयांतर करते, पण ते आवश्यक आहे. माझ्या पिढीतल्या काही मैत्रिणी विणकामाचं नाव काढलं की चिडतात, आणि त्यांचा राग रास्त आहे. मुलींच्या हातात सुया दिल्या गेल्या त्या पुष्कळदा पुस्तक काढून घेऊन. भाऊ अभ्यासाला बसे आणि बहीण त्याचा मफलर विणत बसे. असल्या विणकामाची भलामण करायला मी आलेले नाही. पण याच महाराष्ट्रात १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं पुण्याचं सेवासदन उभं राहिलं. तिथे बायकांना लिहायला-वाचायला शिकवलं आणि हातकामही शिकवलं, दोन्ही एकाच छताखाली, कारण दोन्हींमुळे बाई स्वतःच्या पायावर उभी राहणार होती. १९६२ च्या युद्धात सीमेवरच्या जवानांसाठी देशभर घराघरांत स्वेटर विणले गेले, आणि तेव्हा त्या सुया म्हणजे देशकार्य होतं. सुईला दोष नाही. ती कुणाच्या हातात, कुणाच्या इच्छेनं आली, हे विचारायचं. म्हणून सांगते, मुलग्यांनाही विणायला शिकवा. युरोपात एके काळी विणकामाचे व्यवसायसंघ पुरुषांचेच होते. आपल्या मुलांच्या बोटांना काही वेगळी हाडं नाहीत.

आता घराकडे येऊ. जुन्या वस्तूंनी घर सजवायचं म्हणजे काय? हल्ली याचा अर्थ दुकानात जाऊन नवीन घडवलेली जुनी वस्तू विकत आणणं असा झाला आहे. मला ते अभिप्रेत नाही. विद्यार्थ्याजवळ त्यासाठी पैसे नसतात, आणि नसलेलेच बरे. तुमच्या माळ्यावर काय आहे? फिरकीचा तांब्या आहे? पानाचा डबा आहे? आजोबांचा चौरंग, घंगाळ, एखादा लामणदिवा? आईच्या जुन्या साड्यांची गोधडी? सुरुवात तिथून करायची.

आणि नजर तयार करायची असेल तर पुण्यात बाजीराव रस्त्यावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, तिथे जा. दिनकर गंगाधर केळकर म्हणजे 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहिणारे कवी. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. १९२० च्या सुमाराला सुरू झालेला हा संग्रह वाढत वाढत वीस हजारांच्या घरात गेला. त्यात राजेरजवाड्यांच्या वस्तू आहेतच, पण मला पुन्हा पुन्हा ओढून नेतात ते अडकित्ते, दिवे आणि वज्र्या. वज्री म्हणजे अंघोळीच्या वेळी टाच घासायची वस्तू. काय गरज होती तिच्या मुठीवर पक्षी बसवायची? टाच तर साध्या वीटकरानंही घासली जाते. अडकित्ता सुपारी कातरायला. त्याच्या दोन पात्यांना माणसांचे आकार द्यायची काय गरज? ज्या कारागिरानं हे केलं आणि ज्या घरानं ते विकत घेतलं, त्या दोघांनाही रोजच्या वापरातली वस्तू बेढब असू नये असं वाटत होतं. मुलांनो, या वस्तू पाहून आलात की घरातल्या पोळपाटाकडेही तुम्ही वेगळ्या डोळ्यांनी पाहाल.

माझ्या विषयाच्या दृष्टीनं तर जुनं घर म्हणजे न संपणारं प्रात्यक्षिक आहे. पितळेची समई चिंचेनं घासली की उजळते. का? चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, ते धातूवरचा ऑक्साइडचा थर विरघळवतं. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला फ्रेंच पॉलिश करतात. चपडा कुठून येतो? लाखेच्या किड्यापासून. स्पिरिट उडून जातं आणि राळेचा पातळ थर मागे राहतो. द्रावण, द्रावक, बाष्पीभवन, तीनही धडे एका चौरंगावर.

कल्हई तर मी वर्गात कायम सांगत असे. कल्हईवाला आला की भट्टी पेटवायचा, भाता मारायचा. पातेलं तापलं की त्यात नवसागराची पूड टाकायचा, पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी आतून टेकवली की कथील वितळून पाऱ्यासारखं धावायचं, आणि कापसाच्या बोळ्यानं तो ते क्षणात सगळीकडे फिरवायचा. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापवलं की त्याचा अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड होतो. हायड्रोजन क्लोराइड तांब्या-पितळेवरचा ऑक्साइड खातो आणि पृष्ठभाग स्वच्छ करतो. तसा तो स्वच्छ झाला नाही तर कथील धरतच नाही. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून साध्या कोळशाच्या भट्टीवर काम होतं. पुस्तकात ही अभिक्रिया एका ओळीची आहे. ज्यानं तो धूर नाकात जाऊन ठसका खाल्ला आहे, त्याला ती ओळ पाठ करावी लागत नाही.

दोन धोक्यांचं मात्र सांगून ठेवते. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक, आमटी असलं आंबट ठेवू नका. ते भांडं शोभेपुरतंच ठेवा. आणि जुन्या रंगवलेल्या लाकडी वस्तूला कोरडाच पॉलिशपेपर मारत बसू नका, कारण जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि ती धूळ नाकातोंडात जाते. हौस म्हणजे बेफिकिरी नव्हे.

ज्यांना घर नाही, वसतिगृहात एक पलंग आणि एक खिडकी आहे, त्यांनी काय करायचं? खिडकीची कड पुरे. तिथे घरून आणलेला एक तांब्या, एक विणलेला रुमाल, एक छापील चित्र. एवढ्यानं ती जागा तुमची होते, आणि आपल्या जागेत अभ्यासाला बसणं सोपं जातं, हे मी वसतिगृहातल्या मुलींच्या खोल्यांत पाहत आले आहे. छापील चित्राला कमी लेखू नका. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती सामान्य माणसाच्या भिंतीवर आल्या. कित्येक घरांत बायकांनी त्या चित्रांतल्या साड्यांवर जर लावली, टिकल्या लावल्या, खरं कापड चिकटवलं. चित्रकलेचे पंडित कदाचित नाक मुरडतील. मला त्यात फार मोठी गोष्ट दिसते: घरातल्या बाईनं चित्र विकत घेतलं, घर सजवलं, आणि स्वतःच्या हातचं कामही त्यात घातलं. आज मी ज्या तीन गोष्टींबद्दल बोलते आहे, त्या तिनं एका चौकटीत बसवल्या.

आणि म्हणून तिसऱ्या मुद्द्याकडे येते. चित्र पाहणं.

आपल्या राज्यात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची मोठी परंपरा आहे. हजारो मुलं त्या देतात, त्याचे वाढीव गुण दहावीला मिळतात. चांगली गोष्ट आहे. पण त्यातल्या किती मुलांनी मूळ चित्र, छपाई नव्हे, खरं चित्र, समोर उभं राहून पाहिलं आहे? काढायला शिकवलं, पाहायला कोण शिकवणार?

सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं एक चित्र घ्या. हळदणकर सावंतवाडीचे. हातात दिवा घेतलेल्या तरुणीचं त्यांचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं समजतात, पण ते हळदणकरांचं आहे, आणि समोर दिवा धरून उभी राहिली होती ती त्यांचीच मुलगी. या चित्राची छपाई तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल. आज घरी गेल्यावर दहा मिनिटं ते पाहा. पहिल्या मिनिटात काय दिसेल? एक सुंदर मुलगी, हातात दिवा. झालं. मन म्हणेल, पाहून झालं, चला. तिथेच थांबा. ज्योत कुठे आहे? हातानं झाकली आहे, म्हणजे प्रकाशाचा उगमच चित्रकारानं लपवला. मग प्रकाश कळतो कशावरून? बोटांवरून. बोटांच्या कडा लालसर झाल्या आहेत, कारण उजेड मांसातून आरपार येतो आहे. चेहऱ्याचा कुठला भाग उजळला आहे, कुठला अंधारात गेला आहे? साडीच्या घड्यांवर उजेड कुठवर पोचतो आणि कुठे विझतो? सावली कुठे पडली आहे, आणि ती ज्योतीच्या जागेशी जुळते का? आणि आता हे लक्षात घ्या की हे जलरंग आहेत. पारदर्शक जलरंगात सर्वांत उजळ जागा रंगानं आणता येत नाही, तिथला कागद राखून ठेवावा लागतो. म्हणजे पहिला हात मारायच्या आधीच चित्रकाराला माहीत हवं की उजेड कुठे असणार आहे. चूक झाली तर तैलरंगासारखी वरून झाकता येत नाही.

दहाव्या मिनिटाला तुम्ही प्रकाशशास्त्राचा धडा, शरीररचनेचा धडा आणि धीराचा धडा वाचलेला असेल, आणि तरीही चित्र शिल्लक असेल. अमेरिकेत हार्वर्डला कलेचा इतिहास शिकवणाऱ्या जेनिफर रॉबर्ट्स आपल्या विद्यार्थ्यांना एकाच चित्रासमोर सलग तीन तास बसायला सांगतात. मी तुमच्याकडे दहाच मिनिटं मागते आहे.

चित्रकाराचं नाव, शैली, शतक हे सगळं नंतर. आधी मूळ चित्रं पाहायला जा. मुंबईत भायखळ्याला १८७२ मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, काळा घोड्याजवळ छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, साताऱ्याकडे औंधला चित्रकार राजा बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेलं श्रीभवानी संग्रहालय आहे. एका भेटीत सगळं पाहण्याचा अट्टाहास नको. एक दालन, तीन चित्रं, हातात वही-पेन्सिल. बाकीची चित्रं पुढच्या वर्षीही तिथेच असतील.

"पण हे सगळं करून कुणी शिकून मोठं झालं का?" असा प्रश्न इथे बसलेल्या एखाद्या वडिलांच्या मनात असेलच. तर ऐका. डोरोथी हॉजकिन यांचे आईवडील पुरातत्त्वाचं काम करत. १९२८ मध्ये, ऑक्सफर्डला जाण्याआधी, ती मुलगी आईवडिलांबरोबर जॉर्डनमधल्या जेराशच्या उत्खननावर गेली. तिथल्या पाचव्या-सहाव्या शतकातल्या चर्चच्या फरशांवर रंगीत तुकड्यांची नक्षी होती, ती उतरून घ्यायचं काम तिनं केलं. एकेक तुकडा मापात, रंगासकट. ते संपेना. मग ऑक्सफर्डला रसायनशास्त्राचा अभ्यास सुरू झाल्यावरही, वर्षाहून अधिक काळ, ती चित्रं पुरी करत राहिली. तिथल्या काचेच्या तुकड्यांचं रासायनिक पृथक्करणही तिनं केलं. पुढे तिनं स्फटिकांतून क्ष-किरण पाठवून रेणूंची रचना शोधली: पेनिसिलिन, बी-१२ जीवनसत्त्व, अखेर इन्सुलिन. १९६४ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिला मिळालं. स्फटिक म्हणजे तरी काय? एकच नक्षी तिन्ही दिशांना पुन्हा पुन्हा मांडलेली. फरशीवरची नक्षी काढली म्हणून नोबेल मिळालं असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. पण कुणी तिला "आधी अभ्यास, मग चित्रं" म्हणून रंगांची पेटी बंद करायला लावली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

अभ्यासाशेजारी हातकाम असावं, हे आपल्याला नवीन नाही. १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, झाकिर हुसेन यांच्या समितीनं तिचा आराखडा केला. कोठारी आयोगानंतर शाळेत कार्यानुभव आला. कार्यानुभवाच्या तासाचं आपण काय केलं, ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. परीक्षा जवळ आली की तो तास गणिताला दिला. आणि उरलेल्या वेळात घरून आईनं करून दिलेली वस्तू मुलांनी शाळेत नेऊन दाखवली. त्या वस्तूला गुण मिळाले, मुलाच्या हाताला काहीच मिळालं नाही.

म्हणून पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की या तीन गोष्टींना गुण लावू नका. स्पर्धेत पाठवू नका, विकायला बसवू नका, प्रत्येक ओळीचा फोटो काढून नातेवाइकांना पाठवू नका. मुलाच्या आयुष्यात एक तरी काम असं असू द्या, जिथे त्याची कुणाशी तुलना होत नाही.

आणि विद्यार्थ्यांना सांगते, स्वतःशी प्रामाणिक राहा. विणकामामुळे अभ्यास बुडाला अशी तक्रार येते तेव्हा मी नीट चौकशी करते. जवळजवळ प्रत्येक वेळी असं निघतं की विणकाम झालेलंच नसतं. विणकामाचे व्हिडिओ पाहिलेले असतात. लोकरीचे रंग निवडण्यात रात्र गेलेली असते. जुन्या दिव्यांच्या किमती शोधण्यात रविवार गेलेला असतो. हाताला टाका नाही, घराला दिवा नाही, आणि वेळ मात्र गेला. वेळ खातो तो छंदाचा बाजार. एक गुंडा संपेपर्यंत दुसरा आणू नका. एक वस्तू घासून, दुरुस्त करून जागेवर लागेपर्यंत दुसरी माळ्यावरून काढू नका. एवढे दोन नियम पाळलेत तरी पुरे.

परीक्षेच्या महिन्यात काय? बंद करू नका, आकार कमी करा. स्वेटर बाजूला ठेवा आणि कानटोपी घ्या, तीही साध्या विणीची. ओळ संपली की ठेवायची, मध्येच सोडायची नाही, म्हणजे पुन्हा हातात घेताना शोधत बसावं लागत नाही. घराची आवराआवर, रंगरंगोटी, लाकडाचं पॉलिश ही कामं सुट्टीची आहेत. ती परीक्षेच्या तोंडावर काढाल तर खोली पसरलेली आणि मन त्याहून पसरलेलं. चित्राला मात्र महिना-वार नाही. टेबलासमोरच्या भिंतीवर एकच चित्र लावा आणि ते महिनाभर बदलू नका. प्रकरण संपलं की मान वर करून त्यात काल न दिसलेलं काही सापडतं का पाहा. डोळ्यांना विसावा मिळतो आणि पाहणंही चालू राहतं.

कॉलेजात जाणाऱ्या, गावाहून रोज एसटीनं येणाऱ्या, घरी जाऊन स्वयंपाक आणि गुरांचं करणाऱ्या मुली इथे आहेत. त्यांना मी छंदासाठी वेळ काढा असं सांगण्याचं धाडस कसं करू? पण एसटीचा तास-दीड तास त्यांचा स्वतःचा आहे, त्यात हातात साधी पट्टी असू शकते. आणि त्यांच्या घरांत मला जुनी कोरीव फडताळं दिसली आहेत, लुगड्यांच्या वाकळी दिसल्या आहेत, ज्यांची रंगसंगती एखाद्या दालनात टांगावी इतकी देखणी आहे. वाकळ शिवणाऱ्या तुमच्या आजीला विचारा की हा निळा तुकडा तिनं इथेच का लावला. ती सांगेल. कलेच्या रसग्रहणाचा तुमचा पहिला तास तो.

आता अध्यक्षांचं भाषण होईल. ते झाल्यावर बाहेरच्या ओसरीत एका टेबलावर सुया आणि लोकर ठेवली आहे. ज्यांना टाके घालायला शिकायचं आहे त्यांनी थांबावं, मुलांनीही थांबावं, मी दाखवीन. ज्यांचा उद्या पेपर आहे त्यांनी मात्र सरळ घरी जावं. कार्यकर्त्यांकडे नाव देऊन ठेवलंत तर तुमच्या वाटचा गुंडा मी राखून ठेवते.